वाय-फायची लहर भिंतीतून कशी जाते? एफडीटीडी सिम्युलेशन पहिल्या आकड्यापासून व्हिडिओपर्यंत

विद्युतचुंबकीय लहरींचे सिम्युलेशन करायला बसणारे बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कुठून तरी तयार कोड मिळतो, तो चालतो, पडद्यावर लाल-निळी वर्तुळे पसरतात आणि काम झाले असे वाटते. मग एखादी भिंत घातली की चित्र विस्कटते, कडेवरून लहरी परत येतात किंवा शंभरेक टप्प्यांत आकडे हाताबाहेर जातात. अशा वेळी माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. खरी चूक बहुतेक वेळा त्याआधीची असते: खण (जागेचे ज्या छोट्या चौकोनांत तुकडे करतो तो एक चौकोन) किती मोठा, वेळेचा टप्पा किती, तपासणी कधी, हे ठरवलेलेच नसते.

म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. २.४ गिगाहर्ट्झची वाय-फाय लहर, मध्ये नऊ इंची विटांची भिंत, आणि वरून पाहिलेला म्हणजे द्विमितीय नकाशा. पद्धत एफडीटीडी (फायनाइट-डिफरन्स टाइम-डोमेन), म्हणजे जागा खणांत आणि वेळ टप्प्यांत तोडून विद्युत व चुंबकीय क्षेत्र टप्प्याटप्प्याने पुढे मोजणे. साधने पायथन, आकडेमोडीसाठी नमपाय आणि चित्रांसाठी मॅटप्लॉटलिब. साधा लॅपटॉप पुरतो.

## १. आधी कागद: पाच आकडे

कोड उघडण्यापूर्वी हे आकडे लिहून काढा. इथली घाई पुढे फार महागात पडते.

पहिला आकडा तरंगलांबीचा. २.४ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर भरते. पण खणाचा आकार हवेवरून ठरवायचा नसतो. लहर जिथे सर्वांत आखूड होते, त्या माध्यमावरून तो ठरतो. विटेचा सापेक्ष परावैद्युतांक ४ धरू; या आकड्याच्या वर्गमुळाइतक्या पटीने माध्यमात लहर मंदावते. त्याचे वर्गमूळ २, म्हणजे भिंतीत लहरीचा वेग निम्मा आणि तरंगलांबीही निम्मी, ६.२५ सेंटिमीटर.

दुसरा आकडा खणाचा. सर्वांत आखूड तरंगलांबीत निदान २० खण बसले पाहिजेत. ६.२५ सेंटिमीटरला २० ने भागले की ३.१ मिलिमीटर येतात. आपण सरळ ३ मिलिमीटर घेऊ.

तिसरा वेळेच्या टप्प्याचा. एका टप्प्यात प्रकाश खणाचा किती हिस्सा पुढे जातो, त्या गुणोत्तराला कूरांट संख्या म्हणतात. द्विमितीत ती १ भागिले २ चे वर्गमूळ, म्हणजे ०.७०७ पेक्षा जास्त चालत नाही. त्रिमितीत ही मर्यादा ०.५७७ आहे. आपण ०.५ घेऊ. मग टप्पा येतो ५ पिकोसेकंदांचा आणि लहरीचे एक आवर्तन सुमारे ८३ टप्प्यांत पुरे होते. हा ८३ चा आकडा ठळक लिहून ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

चौथा क्षेत्राचा. १.२ मीटर बाय १.२ मीटर म्हणजे ४०० बाय ४०० खण. तीन ॲरे म्हणजे आकड्यांचे तक्ते (विद्युत क्षेत्राचा एक, चुंबकीय क्षेत्राचे दोन), प्रत्येक आकड्याला ८ बाइट, मिळून ४ मेगाबाइटसुद्धा होत नाहीत. हेच घनात नेले तर ६.४ कोटी खण आणि सहा ॲरे होतात आणि मेमरी ३ गिगाबाइटवर जाते. म्हणूनच पहिले काम द्विमितीत करायचे.

पाचवा एकूण टप्प्यांचा. हवेत हे क्षेत्र ओलांडायला ८०० टप्पे लागतात. भिंत ७६ खण जाड आहे आणि तिच्यात वेग निम्मा आहे, त्यामुळे भिंतीच्या आतल्या आत एक जा-ये म्हणजे आणखी ६०० टप्पे. आतले परावर्तन शमायला अशा तीन फेऱ्या द्या. २,६०० टप्पे ठेवले की काम भागते.

इशारा: चित्र खडबडीत दिसते म्हणून खण निम्मा करण्याआधी हिशेब करा. द्विमितीत मेमरी चौपट होते आणि वेळ आठपट, कारण टप्पाही निम्मा करावा लागतो. त्रिमितीत मेमरी आठपट आणि वेळ सोळापट.

## २. एका मितीतली चाचणी टाळू नका

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवणारीही हीच. विद्युत क्षेत्राचा एक ॲरे, चुंबकीय क्षेत्राचा एक ॲरे, वीसेक ओळींचा कोड. ६०० खण घ्या, ३०० च्या पुढे परावैद्युतांक ४ ठेवा आणि डावीकडून एक गाऊसी, म्हणजे घंटेच्या आकाराचा, स्पंद सोडा. स्पंदाची रुंदी ४० खणांहून कमी नको.

स्पंद सीमेवर आदळल्यावर काय दिसले पाहिजे, ते आधीच ठाऊक आहे. परावर्तित स्पंद उलटा होतो आणि त्याची उंची मूळ स्पंदाच्या एक तृतीयांश राहते. पुढे गेलेल्याची उंची दोन तृतीयांश, वेग निम्मा, आणि त्याची लांबीही निम्मी. ऊर्जेच्या भाषेत एक नवमांश परत आली, आठ नवमांश पुढे गेली.

तपासा: परावर्तनाचा आकडा ०.३३ च्या जवळ येतो का? ०.३० किंवा ०.३७ येत असेल तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा स्पंद फार अरुंद असतो, किंवा उंची मोजली जाते तेव्हा जाणारा आणि येणारा स्पंद एकमेकांवर चढलेले असतात.

एक बारकावा. ज्या बिंदूवर हवा आणि वीट मिळतात, त्या बिंदूला १ किंवा ४ न देता सरासरी २.५ द्या. या मांडणीत विद्युत क्षेत्र सीमेला समांतर असते, म्हणून साधी सरासरी योग्य ठरते. एवढ्याने सीमा अर्ध्या खणाने सरकण्याची चूक जाते.

## ३. द्विमितीय जाळी मांडणे

आपण विद्युत क्षेत्र कागदाला काटकोनात धरतो आहोत, म्हणून तीनच घटक उरतात: विद्युत क्षेत्राचा ई-झेड आणि चुंबकीय क्षेत्राचे एच-एक्स आणि एच-वाय. हे तिन्ही एकाच बिंदूवर बसत नाहीत. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या यी यांच्या जाळीत ई-झेड खणाच्या कोपऱ्यांवर असतो आणि चुंबकीय घटक दोन कोपऱ्यांच्या मधोमध. त्यामुळे ॲरेंचे आकारही वेगळे होतात. ई-झेड ४०० बाय ४००, एच-एक्स ४०० बाय ३९९, एच-वाय ३९९ बाय ४००. सगळे ४०० बाय ४०० घेतले तरी कोड चालतो, पण कडेची एक ओळ चुकीची मोजली जाते आणि ती चूक शोधायला संध्याकाळ जाते.

एककांचेही इथेच मिटवा. मोकळ्या अवकाशात विद्युत क्षेत्राचा आकडा चुंबकीय क्षेत्राच्या ३७७ पट असतो. चुंबकीय क्षेत्राला ३७७ ने गुणून ठेवले की तिन्ही ॲरे एकाच पट्टीतले होतात आणि समीकरणांत फक्त कूरांट संख्या उरते.

दर टप्प्याला हा क्रम:

१. एच-एक्समधून वजा करा: ०.५ × (वाय दिशेने पुढच्या बिंदूवरचा ई-झेड − याच बिंदूवरचा ई-झेड).

२. एच-वायमध्ये मिळवा: ०.५ × (एक्स दिशेने पुढच्या बिंदूवरचा ई-झेड − याच बिंदूवरचा ई-झेड).

३. ई-झेडमध्ये मिळवा: (०.५ ÷ परावैद्युतांक) × (एच-वायचा एक्स दिशेतला फरक − एच-एक्सचा वाय दिशेतला फरक). हे फक्त आतल्या बिंदूंसाठी, कडा सोडून.

४. स्रोताचा आकडा ई-झेडमध्ये मिळवा.

वजा-अधिक चिन्हांकडे नीट पाहा. एक चिन्ह उलटले तर लहर पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी फुगत जाते. नमपायमध्ये हे तिन्ही फरक स्लाइसने, म्हणजे ॲरेचे अख्खे तुकडे एकदम वजा करून, घ्या. खणाखणावर फिरणारा दुहेरी लूप लिहिलात तर काही सेकंदांचे काम कित्येक मिनिटांचे होईल.

तपासा: भिंत न घालता, कडा तशाच ठेवून एक छोटा स्पंद सोडा. ई-झेड कडेवर शून्यच राहतो, म्हणजे ही धातूची पेटी झाली. स्रोत थांबल्यावर तिन्ही ॲरेंच्या वर्गांची बेरीज जवळपास स्थिर राहिली पाहिजे. किंचित वर-खाली होणे ठीक आहे, कारण ई आणि एच अर्ध्या टप्प्याच्या अंतराने मोजले जातात. बेरीज सतत वाढत गेली तर कूरांट संख्या किंवा चिन्ह चुकले आहे. बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक काळी-पांढरी नक्षी उमटली तर दोष नक्कीच कूरांट संख्येचा.

## ४. स्रोत: मिळवायचा, लादायचा नाही

स्रोताच्या बिंदूवर ई-झेड थेट साइनच्या किमतीइतका ठेवला, तर तो बिंदू परत आलेल्या लहरींसाठी धातूच्या तारेसारखा वागतो. भिंतीवरून आलेले परावर्तन त्यावर आदळून पुन्हा पसरते आणि चित्रात नसलेली वर्तुळे दिसू लागतात. म्हणून आधीच्या किमतीत मिळवा.

साइन एकदम पूर्ण जोराने सुरू करू नका. अचानक सुरुवातीत सगळ्या वारंवारता मिसळलेल्या असतात आणि त्यांतल्या उच्च वारंवारतांसाठी आपला खण पुरेसा बारीक नाही. तीन-चार आवर्तनांत, म्हणजे २५० ते ३३० टप्प्यांत, शून्यापासून हळूहळू वाढवा.

इथे दोन गोष्टींनी लोक घाबरतात, आणि त्या दोन्ही चुका नाहीत. द्विमितीतला बिंदू-स्रोत म्हणजे खरे तर कागदातून आरपार जाणारी अनंत लांबीची तार. त्यामुळे लहरीची उंची अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. खऱ्या राउटरची ती अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून या नकाशातले आकडे मोबाइलवरच्या सिग्नलशी जुळवू नका. दुसरे, स्पंद पुढे गेला तरी त्याच्या मागे एक लांब शेपटी रेंगाळते. द्विमितीत ती असतेच. त्रिमितीतल्या मोकळ्या जागेत ती नसते.

तपासा: स्रोतापासून ४० आणि १६० खणांवर उंची मोजा. अंतर चौपट, उंची निम्मी. जुळले तर स्रोत ठीक आहे.

## ५. कडा शोषक करणे

खऱ्या खोलीत लहर १.२ मीटरवर थांबत नाही. जाळी मात्र थांबते, म्हणून कडेला शोषक थर लागतो. आज त्यासाठी पीएमएल (परफेक्टली मॅच्ड लेयर, म्हणजे लहर परत न पाठवता शोषून घेणारा थर) वापरतात. थर १० ते १२ खणांचा ठेवा. त्यातली वाहकता आतल्या काठावर शून्य आणि बाहेरच्या काठावर सर्वांत जास्त असावी आणि मधली वाढ घनाच्या गतीने व्हावी. एकदम पूर्ण वाहकता दिली तर थरच आरशासारखे काम करतो. स्रोत आणि थर यांच्यात निदान अर्धी तरंगलांबी, म्हणजे २० खण मोकळे सोडा.

मर यांची पहिल्या श्रेणीची कडा-अट लिहायला सोपी आहे आणि शिकताना वापरायला हरकत नाही. पण ती सरळ आदळणाऱ्या लहरींसाठीच चांगली. तिरक्या लहरींचा बराच भाग परत येतो, आणि आपल्या उदाहरणात जवळजवळ सगळ्या लहरी तिरक्याच आहेत.

तपासा: डोळ्यांनी कडेचे परावर्तन कळत नाही. तेच सिम्युलेशन एकदा १,००० बाय १,००० खणांत चालवा आणि एका ठरावीक बिंदूवरची नोंद दोन्ही वेळा घ्या. मोठ्या जाळीच्या कडेवरून काही परत येण्याआधीपर्यंत दोन्ही नोंदी एकसारख्या हव्यात. फरक शिखराच्या हजाराव्या भागाहून कमी असेल तर पुढे चला. एक टक्का असेल तर पीएमएल चुकले आहे.

## ६. भिंत घालणे

नऊ इंच म्हणजे २२.८६ सेंटिमीटर, म्हणजे ७६ खण. परावैद्युतांकाचा वेगळा ॲरे करा आणि त्या पट्ट्यात ४ भरा. दोन्ही पृष्ठभागांवर २.५.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक अशी: भिंत वर-खाली पीएमएलच्या आधीच संपते. मग तिथे भिंतीला टोके तयार होतात, त्या टोकांवरून लहर वळसा घालून पलीकडे जाते आणि पलीकडे दिसणारी पट्टेदार नक्षी भिंतीतून आली असे समजले जाते. भिंत पीएमएलच्या आतून थेट जाळीच्या शेवटापर्यंत न्या.

वीट थोडी लहर शोषतेही. वाहकता ०.०३ सिमेन्स प्रति मीटर धरली तर ई-झेडच्या समीकरणात दोन बदल होतात. वाहकता × टप्पा ÷ (२ × परावैद्युतता) हा आकडा काढा. येथे परावैद्युतता म्हणजे मोकळ्या अवकाशाची किंमत गुणिले ४. तो ०.००२१ येतो. जुन्या ई-झेडला (१ − ०.००२१) ÷ (१ + ०.००२१) ने गुणा आणि नव्याने मिळवायच्या भागाला (१ + ०.००२१) ने भागा. आकडा इतका लहान पाहून तो सोडून देण्याचा मोह होतो, पण शेकडो टप्प्यांत त्याचा परिणाम साठतो. ही भिंत एकदा सरळ ओलांडताना शोषणाने साधारण साडेपाच डेसिबल कमी होतात.

तपासा: वाहकता शून्य ठेवून एका मितीत हीच भिंत चालवा. परावैद्युतांक ४ च्या न शोषणाऱ्या भिंतीतून ६४ ते १०० टक्के ऊर्जा पलीकडे जाते. जाडी आणि वारंवारतेनुसार आकडा या पट्ट्यात फिरतो. आपल्या भिंतीला तो ७१ टक्क्यांच्या आसपास यावा.

## ७. चित्र: पाच जागा जिथे ते फसवते

गणित बरोबर असूनही चित्र खोटे बोलू शकते.

पट्टी स्थिर ठेवा. मॅटप्लॉटलिबवर सोडले तर ते प्रत्येक फ्रेमला कमाल-किमान नव्याने ठरवते. मग क्षीण लहरही भडक दिसते आणि भिंतीने काय केले ते कळतच नाही. कमाल आणि किमान समान अंतरावर, शून्य बरोबर मध्ये. स्रोताजवळची उंची प्रचंड असते. पट्टी तिच्यावर बेतू नका, स्रोतापासून ५० खणांवरच्या उंचीवर बेता.

रंग दुहेरी घ्या: लाल, पांढरा, निळा. इंद्रधनुषी पट्टीत पिवळ्याजवळ नसलेल्या कडा दिसतात, म्हणून ती टाळा.

अक्ष तपासा. मॅटप्लॉटलिब ॲरेचा पहिला निर्देशांक उभा दाखवतो आणि शून्य वर ठेवतो. आपला पहिला निर्देशांक एक्सचा आहे. ॲरे उलटवा म्हणजे ट्रान्सपोज करा आणि मूळबिंदू खाली आणा. स्रोत एक्स १००, वाय २५० वर ठेवा. चित्रात तो डावीकडे, मध्यापेक्षा थोडा वर दिसला पाहिजे. चौरस जाळीत मध्यभागी स्रोत ठेवणाऱ्यांना ही चूक कधीच कळत नाही.

क्षणचित्र आणि तीव्रता यांची गल्लत नको. ई-झेडचे चित्र हा एक क्षण आहे; त्यातली पांढरी जागा म्हणजे सिग्नल नाही असे नव्हे. 'कुठे सिग्नल मिळेल' हे दाखवायचे असेल तर शेवटच्या ५०० टप्प्यांत, म्हणजे बरोबर ६ आवर्तनांत, ई-झेडच्या वर्गाची सरासरी काढा आणि ती डेसिबलमध्ये ० ते −४० च्या पट्टीवर मांडा. भिंत आणि राउटर यांच्या मध्ये उभ्या लहरींचे पट्टे दिसतील, एकमेकांपासून साधारण सव्वासहा सेंटिमीटरवर. कोपऱ्यात ठेवलेल्या लॅपटॉपला हातभर सरकवल्यावर सिग्नल का बदलतो, ते या चित्रात सरळ दिसते.

आणि वर्तुळे मोजून पाहा. हवेत एका तरंगलांबीत ४१ खण असल्याने ती गोलच असतील. पण कोणी तरंगलांबीला १० खण ठेवले तर अक्षांच्या दिशेने लहर सव्वा टक्क्याने मागे पडते, कर्णाच्या दिशेने त्याहून बरीच कमी, आणि लांब गेलेले वर्तुळ किंचित चौकोनी होते. २० खणांना ही चूक अक्षाच्या दिशेने ०.३ टक्के असते. १० तरंगलांबी अंतरावर तिचा फेजमधला (आवर्तनातल्या स्थितीचा) फरक सुमारे ११ अंशांचा होतो.

## ८. व्हिडिओ

दर ८ टप्प्यांना एक फ्रेम साठवा. एका आवर्तनाला दहा फ्रेम येतात आणि हालचाल सलग दिसते. दर ८३ टप्प्यांना साठवली तर लहरी गोठलेल्या दिसतील. दर ८० ला साठवली तर त्या चक्क उलट, स्रोताकडे जाताना दिसतील, कारण दोन फ्रेमच्या मध्ये आवर्तन पुरे व्हायला थोडेसेच बाकी असते. कोडमध्ये काहीही चूक नसते.

२,६०० टप्प्यांच्या ३२५ फ्रेम होतात. सेकंदाला २४ लावल्या की साडेतेरा सेकंदांचा व्हिडिओ तयार. फ्रेम जोडून व्हिडिओ करणारे एफएफएमपेग नकार देत असेल तर आधी चित्राची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये सम आहे का ते पाहा. नेहमीच्या एमपी-फोर व्हिडिओला विषम आकडा चालत नाही.

चित्राखाली वारंवारता, खण, टप्पा, परावैद्युतांक, वाहकता आणि पट्टीची मर्यादा लिहा. वेगही लिहा: ०.४२ नॅनोसेकंदाचे आवर्तन पडद्यावर ०.४३ सेकंद घेते, म्हणजे दृश्य साधारण १०० कोटी पट संथ आहे.

## ९. तयार पॅकेजकडे वळताना

मीप, ओपनईएमएस किंवा जीपीआरमॅक्स वापरायला लागल्यावर वरचे पाच आकडे तुम्हालाच द्यावे लागतात. मीपमध्ये तीन ठिकाणी ठेच लागते. तिथे प्रकाशाचा वेग १ असतो आणि लांबीचे एकक तुम्ही ठरवता. १ सेंटिमीटर हे एकक धरले तर २.४ गिगाहर्ट्झची वारंवारता ०.०८ लिहायची. पीएमएल दिलेल्या क्षेत्राच्या आतूनच कापले जाते, म्हणून क्षेत्र तेवढे मोठे द्या. आणि वाहकता सरळ सिमेन्समध्ये जात नाही, त्याच एककांत बदलून द्यावी लागते.

ही पद्धत कुठे वापरू नये, तेही हिशेबानेच ठरते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची एक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीला २० खण धरून ४५ मीटरचा घन भरायचा म्हटला तर एका बाजूला सव्वाचार हजारांहून जास्त खण आणि एकूण ७,५०० कोटींच्या वर. सहा क्षेत्रे, प्रत्येकी ४ बाइट धरले तरी जवळजवळ २ टेराबाइट मेमरी लागते. एवढ्या मोठ्या तबकडीसाठी पृष्ठभागावरचे प्रवाह धरून चालणाऱ्या पद्धती घेतात. एफडीटीडी तिच्या केंद्राशी बसणाऱ्या, काही तरंगलांबी आकाराच्या फीडसाठी, म्हणजे लहर गोळा करणाऱ्या छोट्या अँटेनासाठी ठेवा.